‘सध्या राहू दे’ म्हणून मूल वाढत नाही



आई वारली, बाप परगावी गेला, आणि मूल आजीकडे किंवा मावशीकडे वाढतंय, अशी घरं आपल्या प्रत्येक गावात आहेत. “सध्या राहू दे, पुढचं पुढं बघू,” असं म्हणता म्हणता पाच-सहा वर्षं जातात. माया असते, दोन घासही मिळतात. पण उद्या आजीच अंथरुणाला खिळली तर मूल कुठं जाणार, हे कुणीच ठरवलेलं नसतं.

हे ठरवायला बाल न्याय कायदा, २०१५ नुसार जिल्ह्यात बाल कल्याण समिती असते. एक अध्यक्ष आणि चार सदस्य, त्यात किमान एक महिला. समितीला प्रथम वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचे अधिकार असतात, म्हणून तिच्या आदेशाला वजन असतं.

“तिथं गेलं तर मूल काढून घेतील,” ही भीती बऱ्याच जणींना वाटते. पण कायदाच सांगतो, की मुलाची पहिली जागा कुटुंबात. संस्था हा शेवटचा उपाय.

हे लक्षात ठेवा:

१. मूल समितीसमोर आलं की घरची चौकशी १५ दिवसांत व्हावी आणि अंतिम आदेश चार महिन्यांत निघावा.

२. प्रलंबित प्रकरणांचा अहवाल समितीला दर तीन महिन्यांनी जिल्हादंडाधिकाऱ्यांना द्यावा लागतो.

३. मूल प्रतिपालक कुटुंबात दिलं, तर समितीने दर महिन्याला पाहणी करायची असते. हयगय दिसली तर मूल तिथून हलवता येतं.

४. जे मूल दत्तक जाऊ शकतं, त्याला वर्षानुवर्षं प्रतिपालक घरात ठेवायचं नाही. त्याला कायमचे आईबाप मिळावेत.

५. मुलाचं म्हणणं ऐकून घेणं हा त्याचा हक्क आहे.

६. प्रतिपालकत्वाचा निर्णय पटला नाही, तर ३० दिवसांत जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं.

नातेवाइकांकडे वाढणाऱ्या मुलांसाठी आपल्या राज्यात क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना आहे. पात्र मुलासाठी महिन्याला २,२५० रुपये मिळतात, तेही समितीच्या आदेशानेच. पण नुसत्या पैशावर थांबू नका. समितीसमोर बसलात की विचारा: “या मुलाचं पुढं काय ठरलंय? बाप परत येणार की नाही? आम्ही थकलो तर कोण?” उत्तर आदेशात लिहून घ्या, प्रत जपून ठेवा.

पुढच्या बैठकीत हे करा: आपल्या वस्तीत आईबापांविना किती मुलं आहेत? त्यातल्या किती जणांचा आदेश झालाय? बाकीच्यांसाठी अंगणवाडी ताईंना सोबत घेऊन जिल्हा बाल संरक्षण कक्षात जा. मूल धोक्यात असेल तर बैठकीची वाट बघू नका, १०९८ ला फोन लावा. मुलांची नावं मात्र चावडीवर नकोत.