बदलत्या काळातील महाविद्यालयीन क्रीडासंकुले : तीन अमेरिकन उदाहरणे आणि आपले मैदान

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात एक प्रसंग आला आहे. वैशालीत उपासकांकडून भिक्षूंना एकामागून एक पक्वान्नांची भोजने मिळू लागली आणि त्यामुळे अनेक भिक्षू आजारी पडले. काही कामानिमित्त तेथे आलेल्या वैद्य जीवकाने हे पाहिले व भिक्षूंसाठी चंक्रमणपथ आणि उष्णस्नानगृह असावे, अशी विनंती तथागतांना केली. ती मान्य झाली. यापुढचा भाग बांधकाम करणाऱ्या प्रत्येकाने वाचावा असा आहे. जमीन खडबडीत असल्याने पाय दुखू लागले, तेव्हा ती सपाट करण्याची अनुमती मिळाली. पाणी साचू लागले, तेव्हा जोते उंच झाले. उंच जोत्यावरून भिक्षू पडू लागले, तेव्हा कठडा आला. थंडी व ऊन बाधू लागले, तेव्हा वर छप्पर आले.

प्रथम माणसाचे शरीर, मग त्याची अडचण आणि शेवटी बांधकाम, असा हा क्रम आहे. महाविद्यालयीन क्रीडासंकुलाच्या रचनेचा विचार करताना आम्हाला हाच क्रम कसोटीसारखा वाटतो. अमेरिकेत महाविद्यालयीन क्रीडा हा आज अब्जावधी डॉलरचा व्यवसाय आहे आणि तो सध्या मोठ्या स्थित्यंतरातून जात आहे. तेथील तीन उदाहरणे आपण येथे अभ्यासू.

१. दोन दारांची इमारत

डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1913 ते 1916 या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. हे विद्यापीठ एका उंचवट्यावर आहे. उतारावर मॉर्निंगसाइड पार्क ही सार्वजनिक बाग आणि तिच्या पायथ्याशी कृष्णवर्णीयांची हार्लेम वस्ती. एकोणीसशे साठच्या दशकात विद्यापीठाने या बागेच्या उतारावर व्यायामशाळा बांधण्याचे ठरविले. विद्यार्थ्यांचे दार वरच्या बाजूस, हार्लेमच्या रहिवाशांचे दार खालच्या बाजूस आणि रहिवाशांच्या वाट्याला इमारतीचा लहानसा भाग, अशी योजना होती.

तांत्रिक दृष्टीने तिचे समर्थन करता येत होते. जमीनच उताराची, वरून येणारा वरून आत शिरेल, खालून येणारा खालून. परंतु सार्वजनिक जागा ज्यांची, त्यांनाच तळमजल्याचे दार व थोडकी जागा, याचा अर्थ हार्लेमला नकाशा न वाचताही कळला. कृष्णवर्णीयांना वेगळे ठेवणाऱ्या कायद्यांना तेथे ‘जिम क्रो’ म्हणत. आंदोलकांनी व्यायामशाळेलाच ‘जिम क्रो’ हे नाव दिले. इंग्रजी लेखनात दोन अक्षरे बदलली, उच्चार तोच राहिला. फेब्रुवारी 1968 मध्ये खोदकाम सुरू झाले. एप्रिलमध्ये विद्यार्थ्यांनी कामाचे कुंपण पाडण्याचा प्रयत्न केला व विद्यापीठाच्या इमारतींचा ताबा घेतला. पोलिसांनी सुमारे सातशे जणांना अटक केली. पण व्यायामशाळा तेथे कधीच उभी राहिली नाही. तिच्यासाठी खणलेल्या खड्ड्याचे पुढे तळे झाले. ते आज त्या बागेत सर्वांसाठी खुले आहे.

20 मार्च 1927 रोजी महाडच्या तळ्यावर काय घडले, हे या स्मरणिकेच्या वाचकास सांगावयास नको. तेथेही प्रश्न केवळ पाण्याचा नव्हता. सार्वजनिक जागेवर समान पावलांनी जाण्याचा होता. क्रीडासंकुलाच्या नकाशात प्रथम पाहावयाची गोष्ट म्हणजे दार. कोण कोठून आत येतो, हे ठरले की कोण कोणाचा, हेही बरेचसे ठरून जाते.

२. न्हाणीघराचा प्रश्न

1972 मध्ये अमेरिकेत ‘टायटल नाइन’ हा कायदा झाला. सरकारी साहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेद करण्यास त्याने मनाई केली. कागदावर मुलींना खेळ मिळाला. इमारती मात्र जुन्याच राहिल्या. येल विद्यापीठाच्या नौकागृहात पुरुषांसाठी न्हाणीघर होते, स्त्रियांसाठी नव्हते. सराव संपल्यावर पुरुष खेळाडू स्नान करून येईपर्यंत मुली ओल्या कपड्यांनी, थंडीत कुडकुडत बसमध्ये थांबत. मार्च 1976 मध्ये संघातील 19 मुली संबंधित अधिकाऱ्याच्या कार्यालयात गेल्या आणि उघड्या अंगावर कायद्याचे नाव लिहून त्यांनी निषेध नोंदविला. याच शरीरांचे शोषण चालले आहे, असे त्यांचे म्हणणे होते. वृत्तपत्रांत बातमी आली आणि इतके दिवस अडलेली सोय झाली.

नियम बदलतो तो एका दिवसात. भिंत बदलण्यास वर्षे लागतात. मधल्या काळाचा त्रास मात्र खेळाडूला सोसावा लागतो. म्हणून नव्या हक्कांची चाहूल लागताच इमारतीत त्यांच्यासाठी जागा राखून ठेवणे, हे रचनाकाराचे कर्तव्य ठरते.

३. भिंतींत गेलेला पैसा

तिसरे उदाहरण चालू काळातील आहे. अमेरिकन महाविद्यालयीन फुटबॉल व बास्केटबॉलच्या प्रक्षेपणातून अफाट पैसा येई. पण खेळाडू ‘हौशी’ मानले जात, म्हणून त्यांना शिष्यवृत्तीपलीकडे मोबदला देण्यास मनाई होती. चांगला खेळाडू आपल्याकडे यावा यासाठी महाविद्यालयांत चुरस तर होतीच. मग जो पैसा माणसाच्या हाती देता येत नव्हता, तो भिंतींत गेला. क्लेम्सन विद्यापीठाने 2017 मध्ये फुटबॉल संघासाठी सुमारे साडेपाच कोटी डॉलर खर्चून जी इमारत उभारली, तिच्यात बोलिंगची जागा, छोटे गोल्फ मैदान आणि चक्क घसरगुंडीही होती. ही रचना खेळाच्या गरजेतून आलेली नव्हती. ती मोबदल्याची पळवाट होती.

2021 मध्ये ही व्यवस्था ढासळू लागली. जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने खेळाडूंच्या बाजूने निकाल दिला आणि जुलैपासून त्यांना स्वतःच्या नावाचा व प्रतिमेचा मोबदला घेण्याची मुभा मिळाली. जून 2025 मध्ये न्यायालयाने एक मोठी तडजोड मान्य केली. तिच्यानुसार पूर्वीच्या खेळाडूंना सुमारे 280 कोटी डॉलर भरपाई मिळावयाची आहे आणि प्रत्येक विद्यापीठास पहिल्या वर्षी आपल्या खेळाडूंना सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत थेट वाटा देता येतो.

थैली तीच, वाटेकरी नवा. त्यामुळे आता प्रत्येक नव्या इमारतीला ‘तू स्वतःचा खर्च कसा भागवणार?’ या प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाने सुमारे 47 हजार आसनांचे जुने स्टेडियम पाडून 35 हजार आसनांचे बांधावयास घेतले. आसने कमी, पण मैदानाच्या जवळ. शिवाय सामन्यांखेरीज संगीताचे कार्यक्रमही तेथे होऊ शकतील. मोठे म्हणजे चांगले, हा समज सुटू लागला आहे. मात्र दुसरा धोकाही आहे. ज्या खेळांना तिकीट काढून येणारा प्रेक्षक नाही, त्या पोहणे, टेनिस, कुस्ती यांसारख्या खेळांवर कात्री चालण्याचे भय तेथे व्यक्त होत आहे. खेळाडूला न्याय देताना सारा न्याय दोन खेळांतच संपला, तर तो अपुराच म्हणावा लागेल.

४. आपल्या मैदानासाठी

आमच्यासारख्या निवासी शाळेपुढे कोट्यवधी डॉलरचा प्रश्न नाही. पण आमच्या मुलामुलींना ज्या महाविद्यालयांत जावयाचे आहे, तेथे बदल आलाच आहे. 2014 पासून प्रो कबड्डीने मॅटवरचा खेळ घराघरांत पोहोचविला. मातीत तयार झालेला खेळाडू मॅटवर बुटांनिशी उतरतो, तेव्हा त्याची पकड व पावले दोन्ही नव्याने घडवावी लागतात. ही तयारी शाळेतच झाली नाही, तर निवडचाचणीच्या दिवशी गुणवत्ता असूनही तो मागे पडतो.

यावर उपाय मोठी इमारत हा नव्हे. पुरुषांचे कबड्डी मैदान 13 बाय 10 मीटर, स्त्रियांचे 12 बाय 8 मीटर आणि खो-खोचे 27 बाय 16 मीटर असते. भोवती मोकळी जागा सोडून एकाच सपाट पटांगणावर वेगवेगळ्या रंगांच्या रेषांनी ही तिन्ही आखता येतात. खो-खोचे खांब काढता-घालता येतील असे बसवावेत. मॅट गुंडाळून ठेवता येतो; म्हणून तो सभागृहातही अंथरता येईल इतके सभागृहाचे दार रुंद असावे. मैदानाची लांबी उत्तर-दक्षिण ठेवावी, म्हणजे सकाळ-सायंकाळचे ऊन खेळाडूंच्या डोळ्यांवर येत नाही. पावसाचे पाणी वाहून जाण्यास हलका उतार हवा.

आणि खर्चाचा क्रम? आमच्या मते प्रथम पाणी, मुलींचे न्हाणीघर व कपडे बदलण्याची खोली. नंतर खेळाचा पृष्ठभाग व मॅट. त्यानंतर प्रेक्षकांच्या पायऱ्या. आणि सर्वांत शेवटी कमान व नामफलक. देणगीदारांना हा क्रम उलटा आवडतो, कारण न्हाणीघरासमोर छायाचित्र काढले जात नाही. तरीही हा क्रम सोडू नये, अशी आमची विनंती आहे. दार मात्र एकच असावे. चाकाच्या खुर्चीतील मुलालाही त्याच दारातून येता यावे आणि सुटीच्या दिवशी वस्तीतील मुलांसाठीही तेच उघडावे.

वैशालीचा तो चंक्रमणपथ एका दिवसात पूर्ण झाला नव्हता. कोणी पडले, तेव्हा कठडा आला. आपणही मैदानावर कोण पडते, कोण थांबून राहते आणि कोण दाराबाहेरूनच परत जाते, हे आधी पाहावे आणि मगच नकाशा काढावा.