नकार कोणाचा, हे आधी पाहा

पनवेल

चिरंजीव बाळ,

तुझे सविस्तर पत्र पावले. दोन जीबी मेमरीच्या भाड्याच्या यंत्रावर तुमच्या कचेरीने टॉमकॅट आणि मायएस्क्यूएल असे दोन्ही सर्व्हर ठेवले आहेत, नवी आवृत्ती चढवल्यापासून टॉमकॅट सुरू होतानाच ‘जावा हीप स्पेस’ची त्रुटी लिहून बंद पडू लागला, म्हणून हीपची कमाल मर्यादा तू एक जीबीवरून दोन जीबीवर नेलीस, आणि आता तो काही न लिहिताच नाहीसा होतो, एवढेच नव्हे तर परवा मायएस्क्यूएलही त्याच्याबरोबर गेला, ही हकिकत समजली. तुझ्या परिश्रमांविषयी मला तिळमात्र शंका नाही. परंतु ज्या क्रमाने तू उपाय योजलास, त्या क्रमाविषयी लिहिणे अगत्याचे वाटते.

मेमरी नाकारली गेली असे दिसताच आकडा वाढवण्याचा मोह प्रत्येकास होतो. त्यापूर्वी नकार कोणी दिला, याचा शोध घेतला पाहिजे, कारण नकार देणारे एकच नसतात. ‘हीप स्पेस’ हे शब्द आले, तर तो नकार जावाचा स्वतःचा आहे: तूच घालून दिलेली मर्यादा त्याने पाळली, यंत्रात मेमरी उरली होती की नव्हती याच्याशी त्याला कर्तव्य नव्हते. ‘ऑब्जेक्ट हीपसाठी पुरेशी जागा राखून ठेवता आली नाही’ अशा अर्थाची ओळ आली, तर जावा सुरूच झाला नाही असे समज. येथे बत्तीस बिटांचा जावा तर बसवलेला नाही ना, हे पाहावे, कारण त्याच्या पत्त्यांची धाव मुळातच 4 जीबीपर्यंत, आणि सोळा जीबीच्या यंत्रावरही तो त्यापलीकडे जाऊ शकत नाही. इलॅस्टिकसर्च हा शोध-सर्व्हर तर मेमरी मुबलक असतानाही, कर्नलने एका प्रक्रियेस मंजूर केलेल्या मेमरी-नकाशांची संख्या 65,530 आहे, ती किमान 262,144 हवी, असे सांगून अडून बसतो. तेथे हीप वाढवून काय होणार?

तुझ्या प्रकरणात पहिला नकार जावाचा होता, दुसरा लिनक्सच्या कर्नलचा आहे, आणि ही दोन दुखणी तू एकच समजलास. लिनक्स मेमरीची मागणी बहुधा उदारपणे मंजूर करतो, प्रत्यक्ष पाने मात्र वापर होईल तेव्हाच देतो. दिलेली वचने एकदम वसुलीस आली आणि शिल्लक संपली, म्हणजे तो एखाद्या प्रक्रियेचा तडकाफडकी वध करतो. ही निवड करताना तो अपराध पाहत नाही, मुख्यतः कोणी किती मेमरी धरली आहे तेवढे पाहतो, त्यामुळे निरपराध मायएस्क्यूएल बळी जाणे यात नवल नाही. मारल्या गेलेल्या प्रक्रियेस शेवटचा शब्द लिहिण्याची सवड नसते, म्हणून टॉमकॅटच्या लॉगमध्ये तुला काही सापडले नाही. ‘डीमेसेज’ची आज्ञा देऊन कर्नलच्या नोंदी वाच, तेथे ‘आउट ऑफ मेमरी’ आणि ‘किल्ड प्रोसेस’ हे शब्द नावासह मिळतील. निर्गमनाचा अंक 137 दिसला, तर तो 128 अधिक 9, म्हणजे सक्तीने संपवल्याचा संकेत होय. तो कर्नलनेच दिला याची खात्री मात्र नोंदींवरूनच करावी.

आता हिशेब. हीप म्हणजे जावाची सगळी मेमरी नव्हे. वर्गांची माहिती ठेवणारा मेटास्पेस 2014 च्या जावा 8 पासून हीपच्या बाहेर आहे, आणि त्याला तू मर्यादा घातली नाहीस तर त्याला मर्यादा नसते. टॉमकॅटचे धागे मुळात दोनशेपर्यंत वाढू शकतात, आणि चौसष्ट बिटांच्या लिनक्सवर प्रत्येक धाग्याच्या स्टॅकसाठी साधारण एक एमबीची तरतूद होते. मायएस्क्यूएलचा बफर पूल मूळ मांडणीत 128 एमबीचा, शिवाय प्रत्येक जोडणीचा खर्च निराळा. आणि खुद्द कार्यप्रणालीला जे लागते ते वेगळेच. ही बेरीज कागदावर मांडली असतीस, तर दोन जीबीच्या यंत्रात दोन जीबीचा हीप बसत नाही, हे सर्व्हरला हात न लावता कळले असते. ‘फ्री’ची आज्ञा देशील तेव्हा ‘फ्री’ या रकान्यावर विसंबू नकोस. रिकामी मेमरी लिनक्स फायलींच्या साठ्यास लावतो, म्हणून पाहायचा रकाना ‘अव्हेलेबल’चा. आणि मर्यादेच्या आकड्यापुढे एम किंवा जी लिहिण्यास विसरू नये; नुसते 512 लिहिलेस तर जावा ते 512 बाइट धरतो.

आपल्या पनवेलजवळ योट्टाचे एनएम-1 हे डेटा सेंटर 2020 साली उभे राहिले, 7,200 रॅकची त्याची क्षमता जाहीर झाली, आणि आपल्या गावाचे नाव या व्यवसायात सर्वतोमुखी झाले, याचा मला अभिमान वाटतो. पण इमारत कितीही विशाल असो, तुझ्या भाड्याच्या यंत्रास त्यातून करारापेक्षा एक एमबीही अधिक मिळत नाही.

यंत्राचा पुरवठादार मोठे यंत्र घ्या म्हणतो, हे कदाचित अखेरीस खरे ठरेल. परंतु कारण न कळता केलेल्या खर्चाची मंजुरी वरिष्ठांकडे मागणे मला प्रशस्त वाटत नाही. पूर्वी एक जीबीत सुखाने चालणारा सर्व्हर नव्या आवृत्तीत सुरू होताक्षणी इतके काय मागतो, हा खरा प्रश्न आहे. तेव्हा हीप पुन्हा एक जीबीवर आण, मेमरी संपताच हीपची संपूर्ण नक्कल फाइलीत उतरवण्याचा पर्याय जावाला दे, डिस्कवर तेवढी जागा आहे याची खात्री कर, आणि कोणत्या वस्तूंनी जागा व्यापली आहे ते त्या नकलेत पाहा. एखादे संपूर्ण कोष्टक आरंभीच मेमरीत ओढले जात असल्याचा मला संशय आहे. ते निष्पन्न झाल्यावर आवृत्ती तयार करणाऱ्यांकडे पुराव्यासह जा, आणि कर्नलच्या त्या नोंदींची एक प्रत मलाही पाठव.

कळावे, हे आशीर्वाद.

तुझा काका