लिव्हरचे एन्झाइम वाढलेत, मग भूल कोणती?

दम्माम-जुबैल पट्ट्यातल्या कुठल्याही मराठी घरात घडू शकेल असा प्रसंग घेऊ. पित्ताशयातल्या खड्यांची शस्त्रक्रिया ठरली आहे. आधीच्या रक्ततपासणीत एएलटी आणि एएसटी हे एन्झाइम वाढलेले निघतात. घरचे विचारतात, "आता भूल झेपेल का?" भूलतज्ज्ञ मात्र आधी विचारतात, "एन्झाइम कशामुळे वाढले?"

आकडा काय सांगतो?

हे एन्झाइम यकृताच्या पेशींच्या आत असतात. पेशींना इजा झाली की ते रक्तात झिरपतात. म्हणजे त्यांच्यावरून इजा कळते, यकृताची कार्यक्षमता नाही. ती कळते बिलिरुबिन, अल्ब्युमिन आणि रक्त गोठण्याच्या वेळेवरून (आयएनआर). सिऱ्होसिस बळावलेल्या रुग्णाचे एन्झाइम जवळपास नॉर्मल असू शकतात, तरी त्याला शस्त्रक्रियेचा धोका मोठा असतो.

शिवाय एएसटी स्नायूंत आणि तांबड्या रक्तपेशींतही असतं. सौदीच्या पूर्व प्रांतात, विशेषतः कातिफ आणि अल-अहसा भागात, सिकल सेल आजार बराच आढळतो. त्याच्या जनुकाचा 'अरब-भारतीय' प्रकार आपल्या विदर्भातल्या रुग्णांतही सापडतो. या आजारात तांबड्या पेशी फुटत राहतात. त्यामुळे एएसटी आणि बिलिरुबिन वाढतात, आणि बिलिरुबिनचेच खडे पित्ताशयात होतात. अशा रुग्णाला भूल देताना थंडी, शरीरातलं पाणी कमी होणं आणि ऑक्सिजनची घट यांपासून विशेष जपावं लागतं. कारण बदललं की काळजीही बदलते.

हॅलोथेनचा धडा

१९५६ पासून वापरात आलेला हॅलोथेन हा भुलेचा वायू लोकप्रिय होता. पण त्याचा सुमारे २० टक्के भाग यकृतात विघटित होई. त्यातून तयार होणारे तुकडे यकृताच्या प्रथिनांना चिकटत आणि क्वचित एखाद्या रुग्णाची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच यकृतावर उलटे. परिणामी जीवघेणा हेपटायटिस होई. पुन्हा हॅलोथेन दिल्यास धोका वाढे. आजच्या आयसोफ्लुरेनचं विघटन सुमारे ०.२ टक्के, तर डेसफ्लुरेनचं ०.०२ टक्केच होतं. सेवोफ्लुरेनचं जास्त होतं, पण त्यातून ते घातक तुकडे बनत नाहीत.

मग निवड कशी होते?

• एन्झाइम थोडेच वाढलेले, त्रास काही नाही आणि यकृताचं काम चोख (उदा. साधं फॅटी लिव्हर): बहुधा नेहमीची भूल चालते.

• यकृताचं काम मंदावलेलं: स्नायू सैल करण्यासाठी सिसॲट्राक्युरियम सोयीचं, कारण ते शरीराच्या तापमानाला रक्तात आपोआप मोडतं. रेमिफेंटॅनिल हे वेदनाशामकही यकृतावर अवलंबून नसतं.

• कमरेतून दिलेली भूल: हर्निया किंवा पायाच्या शस्त्रक्रियेत चांगला पर्याय, पण रक्त नीट गोठत असेल आणि प्लेटलेट पुरेशा असतील तरच. नाहीतर मणक्यात रक्तस्राव होऊ शकतो.

• ताजा हेपटायटिस: तातडीची नसलेली शस्त्रक्रिया पुढे ढकलतात.

औषधाइतकाच महत्त्वाचा असतो रक्तदाब. यकृताला सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या शिरेतून मिळतं. भुलेत रक्तदाब घसरला की हा पुरवठा आटतो. म्हणून तो सांभाळणं हे भूलतज्ज्ञांचं मोठं काम.

आपण काय सांगायचं?

जुने रिपोर्ट बरोबर न्या, म्हणजे वाढ नवी की जुनी ते कळेल. पॅरासिटामॉल, जिमच्या पावडरी, काढे, सगळं सांगा. "ते तर आयुर्वेदिक आहे" म्हणून वगळू नका. गुळवेल घेणाऱ्या ६ जणांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलं होतं. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला, पण भूलतज्ज्ञांना माहिती देण्यात तोटा काहीच नाही. याआधी भुलेनंतर कावीळ झाली असेल तर तेही आवर्जून सांगा.

सुट्टी मंजूर आहे, तिकीट काढलंय, आणि डॉक्टर म्हणतात, "थोडं थांबू." अशा वेळी चिडचिड होणं साहजिक आहे. पण ताज्या हेपटायटिसमध्ये ते थांबणं जीव वाचवणारं ठरू शकतं.