या वेळी लेकराला बोलू द्या

पालकहो,

दिवाळीच्या सुट्टीआधी पहिल्या सत्राचा निकाल सांगायला आपण भेटतो. शेतात वेचणीचे दिवस असतात. तुमच्यातले कितीतरी जण त्या दिवसाची मजुरी बुडवून येतात, हे मला ठाऊक आहे. तुम्ही बाकावर टेकता आणि म्हणता, "बाई, अभ्यासच नाई करत हो हा. तुम्हीच सांगा काहीतरी." मग मी सांगते. गणित कच्चं आहे, अक्षर सुधारलंय, वर्गात लक्ष नसतं. तुम्ही मान हलवता, प्रगतिपुस्तकावर सही किंवा अंगठा देता आणि उठता. ज्याच्याविषयी हे सगळं चाललेलं असतं, ते लेकरू खाली मान घालून शेजारीच उभं असतं. त्याला कुणी काही विचारत नाही.

इतकी वर्षं मी अशाच सभा घेतल्या. आता ही पद्धत बदलावी असं मनापासून वाटतं, आणि तुमच्याशिवाय ती बदलणार नाही.

या दिवाळीला निकाल मी सांगणार नाही, तुमचं मूल सांगेल. प्रत्येकाची एक फाइल असेल. तिच्यात जूनअखेरीस शाळा उघडली तेव्हाचं एक पान आणि आत्ताचं एक पान असेल. जमलेलं एक गणित असेल, चुकलेलं एक असेल, आणि ते का चुकलं हे मुलाने स्वतः लिहिलेलं असेल. पंधरा मिनिटांत ते तुम्हाला तीन गोष्टी सांगेल : मला काय येऊ लागलं, काय अजून जमत नाही, आणि पुढच्या सत्रात मी काय करणार, त्यासाठी घरून मला काय हवं. मी बाजूला बसलेली असेन. अडलं तरच बोलेन.

मागच्या वर्षी सहावीत हे थोडंसं करून पाहिलं. एका मुलीने आईला चुकलेलं गणित दाखवलं. साडेतेवीस किलो कापूस, किलोला आठ रुपये वेचणी, तर मजुरी किती? तिचं उत्तर होतं 184. आईला अक्षरओळख नाही. तिने क्षणभर बोटं मोजली आणि विचारलं, "अर्ध्या किलोचे चार रुपये कुठं गेले?" दशांश अपूर्णांक मी दोन आठवडे शिकवत होते. तो त्या मुलीला त्या दिवशी कळला. आपली आई गणित जाणते, हेही तिला त्याच दिवशी कळलं.

आपल्या जिल्ह्यात घरोघरची बोली वेगळी आहे. पुसद-दिग्रसकडच्या तांड्यांवर गोरमाटी, केळापूर-झरीकडच्या पोडांवर कोलामी, कुठे गोंडी, कुठे वऱ्हाडी. 'आकारिक' आणि 'संकलित' मूल्यमापन मी कितीही समजावलं तरी तुमच्यापर्यंत पोचत नाही. मूल मात्र तेच तुमच्या बोलीत सांगू शकतं. ते आईच्या भाषेत समजावून सांगता आलं, म्हणजे त्याला ते खरोखर समजलं.

कायदाही याला पोषक आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 24 नुसार पालकांना नियमित भेटून मुलाची प्रगती सांगणं हे शिक्षकाचं कर्तव्य आहे. त्याच कायद्याचं कलम 29 म्हणतं, मुलाला भीतीपासून मुक्त ठेवा, त्याला मोकळेपणाने बोलता येईल असं पाहा. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर प्रगतिपत्रकात मुलाच्या स्वमूल्यमापनालाही जागा दिली.

मुलांनी चालवलेल्या अशा पालकभेटी अमेरिकेतल्या अनेक शाळांत रुळल्या आहेत. पण मुळातला विचार आपल्या शेजारचाच आहे. कळंबवरून देवळीकडे निघालं, वर्धा नदी ओलांडली, की सेवाग्राम फार दूर नाही. 22 आणि 23 ऑक्टोबर 1937 रोजी वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. पुढे सेवाग्रामला आर्यनायकम आणि आशादेवी या दांपत्याने नई तालीमची, म्हणजे हाताच्या कामातून शिकण्याची, शाळा उभी केली. तिथली मुलं सूत कातत, सफाई आणि स्वयंपाकघर सांभाळत, आणि आपल्या कामाचा हिशेब आमसभेत स्वतः देत. हिशेब द्यायचा आहे हे माहीत असलं की काम आपलं वाटू लागतं.

एका दिवसाच्या भेटीने मात्र हे साधणार नाही. म्हणून शनिवारी सकाळच्या शाळेत एक तास यासाठीच ठेवायचा आहे. आम्ही शिक्षक पंधरा-पंधरा मुलं वाटून घेऊ, आणि वर्षभर तीच मुलं त्याच शिक्षकाजवळ बसतील. त्या तासाला धडा नसेल. आठवड्यात काय जमलं, कुठे अडलं, घरी काही टोचतंय का, एवढंच बोलायचं. आईबापांपासून दूर आश्रमशाळेत राहणाऱ्या लेकरांना तर असा हक्काचा माणूस अधिकच हवा.

पऱ्हाटीवर अळी आली हे कुणी येऊन सांगेपर्यंत तुम्ही थांबत नाही. रोज तासातून चालता, पान उलटून बघता, कारण वावर तुमचं आहे. वही ही लेकराचं वावर आहे. ती त्याने स्वतः उलटून बघावी, एवढंच मला हवं आहे.

त्यासाठी तुमच्याकडे मागणं थोडं आहे. शेजारच्या पोराशी तुलना करू नका. चुकलेलं पान दाखवलं तर रागावू नका. त्या दिवशी रागावलात, तर पुढच्या वेळी ते पान फाइलमध्ये दिसणार नाही. "हे तुला कसं जमलं?" असं एकदा तरी विचारा. ऊसतोडीला जाणार असाल तर निघण्याआधीची तारीख मागा. नाहीच जमलं तर आजी किंवा मोठी बहीण आली तरी चालेल. मुलासमोर बोलता येणार नाही अशी काळजी असेल, तर त्यासाठी मी वेगळी भेटेन.

ठरलेल्या दिवशी या. मोबाइल खिशात ठेवा, लेकराच्या शेजारी बसा आणि पंधरा मिनिटं त्याचं ऐका. सही त्यानंतर करा.