विटा, दोर आणि युद्धं : तीन ग्रीक इतिहासकार

दहावीनंतर इतिहास सुटला म्हणून सुटकेचा नि:श्वास टाकलेली मंडळी आपल्या होस्टेलवर पुष्कळ आहेत. सनावळ्या, तहाची कलमं, 'कारणे द्या' आणि 'टिपा लिहा'... पुन्हा नको रे बाबा! हा लेख मुद्दाम त्याच मंडळींसाठी आहे. कारण ग्रीकांचे सगळ्यात जुने जे इतिहासग्रंथ आज आपल्या हातात आहेत, त्यात सर्व्हेइंग आहे, सॉइल मेकॅनिक्स आहे, फ्लुइड मेकॅनिक्स आहे. आणि त्यापलीकडचंही बरंच काही आहे, त्याकडे शेवटी येतेच.

माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. तिथे ग्रीस म्हणजे इंग्रजीच्या रीडरमधला लाकडी घोडा आणि थर्मोपिलीच्या खिंडीत लढलेले तीनशे स्पार्टन, बस्स! त्या गोष्टी लिहिल्या कुणी, त्याला त्या कळल्या कशा, हे कुणी सांगितलं नाही. मी सिव्हिलची विद्यार्थिनी, त्यामुळे पुस्तकं वाचताना नजर आधी पूल, भिंती आणि खंदकांवरच गेली. ज्यांचे ग्रंथ मी इंग्रजी भाषांतरातून वाचले ते तिघे म्हणजे हिरोडोटस, थ्युसिडिडीझ आणि झेनोफन. तिघांचाही मुख्य विषय एकच : युद्ध आणि स्वारी.

१) हिरोडोटस : विचारत फिरणारा माणूस

हिरोडोटस हॅलिकार्नाससचा. हे गाव म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं बोद्रुम. त्याने आपल्या कामासाठी 'हिस्टोरिया' हा शब्द वापरला. त्याचा मूळ अर्थ 'चौकशी'. हिस्टरी हा शब्द तिथूनच आला. म्हणजे इतिहास हे मुळात पाठांतर नव्हतंच मित्रहो, ती चौकशी होती!

त्याचा विषय म्हणजे इराणी साम्राज्य आणि ग्रीक यांच्यातली युद्धं. इ.स.पू. ४८० मध्ये इराणचा सम्राट झर्क्सिस याने ग्रीसवर स्वारी केली. आशियातून युरोपात जायला मध्ये हेलेस्पाँटची सामुद्रधुनी आडवी येते. हिरोडोटस तिची रुंदी सात स्टेडिया, म्हणजे साधारण १३०० मीटर देतो. पहिला बांधलेला पूल वादळात मोडला. झर्क्सिसने काय करावं? समुद्राला ३०० फटके मारायला लावले, पाण्यात बेड्या टाकल्या आणि पुलाच्या इंजिनिअरांची मुंडकी उडवली. (व्हायवाला घाबरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.)

दुसरा प्रयत्न मात्र नीट झाला. एका पुलाखाली ३६० आणि दुसऱ्याखाली ३१४ जहाजं ओळीने नांगरली. किनाऱ्यावर लाकडी रहाट लावून दोर ताणले. प्रत्येक पुलाला जवसाच्या धाग्याचे दोन आणि पपायरसचे चार. वर फळ्या, त्यावर काटक्या, त्यावर माती चोपून रस्ता. दोन्ही बाजूंना कुंपण, का तर घोड्यांना खालचा समुद्र दिसून ती बुजू नयेत. हे वाचलं की वाटतं, सांगणारा माणूस साइटवर उभा होता!

अॅथॉसच्या कालव्याची हकिकत तर आमच्या सॉइलच्या सरांनी वर्गात सांगावी अशी आहे. सुमारे दोन किलोमीटर रुंदीची जमिनीची पट्टी खणायची होती. वेगवेगळ्या लोकांना तुकडे वाटून दिले. बहुतेकांनी वर जेवढी रुंदी तेवढीच खाली ठेवली, त्यामुळे उभे काठ कोसळले आणि काम दुप्पट झालं. फिनिशियन लोकांनी मात्र वरचं तोंड दुप्पट रुंद घेतलं आणि खाली जाताना अरुंद करत नेलं. स्लोप स्टॅबिलिटी! हा कालवा खरंच होता का, याबद्दल पुष्कळ वर्षं शंका होती. १९९० च्या दशकात ब्रिटिश आणि ग्रीक शास्त्रज्ञांनी जमिनीत कंपनं सोडून तपासणी केली, तेव्हा बुजलेला कालवा खाली सापडला.

पण म्हणून हिरोडोटसचं सगळंच खरं मानायचं का? नाही. तो म्हणतो, जवसाच्या दोराच्या एक हात लांबीचं वजन एक टॅलंट होतं. टॅलंट म्हणजे साधारण २६ किलो. हात म्हणजे सुमारे ४५ सेंटिमीटर. कॅल्क्युलेटर काढा. १३०० मीटरचा एकच अखंड दोर धरला तर वजन ७० टनांच्या पुढे जातं. उचलणार कोण?

सैन्याचंही तसंच. त्याच्या मते दहा हजार माणसं दाटीवाटीने उभी केली, भोवती कुंपण घातलं आणि ते कुंपण पुन:पुन्हा भरून सैन्य मोजलं. पायदळ निघालं १७ लाख. नोकरचाकर वगैरे धरून एकूण आकडा तो ५२,८३,२२० देतो. आजचे इतिहासकार हा आकडा मानत नाहीत. गंमत म्हणजे तो पुढे रोजच्या धान्याचा हिशेब करतो. माणशी रोज एक खोइनिक्स, आणि ४८ खोइनिक्सचा एक मेडिम्नस. उत्तर देतो १,१०,३४० मेडिम्नस. भागाकार करून बघा, १,१०,०६७ येतात. अडीच हजार वर्षांपूर्वीची कॅल्क्युलेशन मिस्टेक! तरी त्याचं एक मला फार आवडतं. त्याने स्टेप्स दाखवल्या आहेत. स्टेप्स दाखवल्या म्हणूनच चूक आपल्याला सापडते.

२) थ्युसिडिडीझ : स्वत:लाही न सोडणारा

थ्युसिडिडीझ अथेन्सचा. इ.स.पू. ४३१ मध्ये अथेन्स आणि स्पार्टा यांच्यात युद्ध पेटलं, ते ४०४ पर्यंत चाललं. हे युद्ध मोठं होणार हे ओळखून त्याने सुरुवातीपासूनच लिहायला घेतलं. प्रत्येक वर्षाचे उन्हाळा आणि हिवाळा असे भाग पाडून तो घटना क्रमाने लावतो. भाषणांबद्दल तर त्याने आधीच सांगून टाकलंय की शब्द न् शब्द आठवणं शक्य नव्हतं, म्हणून एकूण आशय धरून प्रसंगाला योग्य असं लिहिलं आहे. अथेन्समध्ये ४३० मध्ये साथ आली, ती त्याला स्वत:लाही झाली. त्याने लक्षणं एकामागून एक लिहून ठेवली, का तर पुन्हा आली तर लोकांना ओळखता यावी. २०२० साल पाहिलेल्या आपल्याला याची किंमत वेगळी सांगायला नको.

४२४ मध्ये तो स्वत: सेनापती होता. अँफिपोलिस हे महत्त्वाचं शहर स्पार्टाच्या ब्रासिडासने घेतलं. थ्युसिडिडीझ सात जहाजं घेऊन त्याच दिवशी संध्याकाळी जवळ पोहोचला, पण शहर गेलं होतं. शिक्षा म्हणून २० वर्षं अथेन्सबाहेर राहावं लागलं. हा प्रसंग तो कसा लिहितो? एखाद्या परक्या सेनापतीबद्दल लिहावं तसा. सबब नाही, रडगाणं नाही. उलट म्हणतो, बाहेर असल्यामुळे दोन्ही बाजू बघता आल्या.

आता माझा सगळ्यात आवडता भाग, प्लाटियाचा वेढा. प्लाटिया हे अथेन्सच्या बाजूचं छोटं गाव. स्पार्टाच्या सैन्याने गावाबाहेर मातीचा उतार रचायला घेतला, तर आतल्यांनी आपली भिंत लाकूड आणि विटांनी उंच केली. शिवाय खालून भुयार खणून त्या उताराची माती आत ओढायला सुरुवात केली. वरून माती टाकतायत आणि ढीग वाढतच नाही! शेवटी शत्रूने गावाभोवती दुहेरी भिंत बांधली आणि उपासमारीची वाट बघत बसला. आत फक्त ४०० प्लाटियन, ८० अथेनियन आणि भाकरी भाजायला ११० बायका.

इ.स.पू. ४२८ च्या हिवाळ्यात अन्न संपत आलं. भिंत ओलांडून पळायचं ठरलं. पण शिडी किती उंच करायची? शत्रूची भिंत मोजायला टेप घेऊन कोण जाणार? तिचा एक भाग गिलावा न केलेला होता, त्यामुळे विटांचे थर दिसत होते. अनेकांनी एकाच वेळी थर मोजले, पुन्हा पुन्हा मोजले. काही जण चुकतील, पण बहुतेकांचा आकडा खरा येईल, असा विचार. मग विटेच्या जाडीवरून उंची काढली. सर्व्हेइंग प्रॅक्टिकलला तीन तीन रीडिंग कशाला, असं विचारणाऱ्यांना हे माझं उत्तर आहे.

अमावास्येसारखी काळोखी रात्र, वारा, पाऊस आणि बर्फ. चिखलात पाय घसरू नये म्हणून फक्त डाव्या पायात पादत्राण. शस्त्रांचा आवाज नको म्हणून एकमेकांत अंतर. शत्रूने थीब्जकडे मशालींचा इशारा दिला, तर आत राहिलेल्यांनी आपल्या भिंतीवर भलत्याच मशाली पेटवून तो इशारा बिघडवला. २१२ जण निसटले! मधूनच परतलेल्या काहींनी सांगितलं की कुणीच वाचलं नाही. म्हणून सकाळी गावातल्यांनी प्रेतं मागायला दूत पाठवला, आणि तेव्हा कळलं की माणसं सुखरूप गेली आहेत.

इथे सिनेमा संपला असता. थ्युसिडिडीझ संपवत नाही. पुढच्या उन्हाळ्यात आत राहिलेल्यांनी न्यायाच्या आश्वासनावर शरणागती पत्करली. स्पार्टाहून पाच न्यायाधीश आले. प्रत्येकाला एकच प्रश्न : या युद्धात तू स्पार्टाची किंवा तिच्या मित्रांची काही सेवा केलीस का? उत्तर 'नाही' आलं की बाहेर नेऊन ठार. किमान २०० प्लाटियन आणि २५ अथेनियन असे मारले गेले. बायकांना गुलाम केलं. गाव पाडून टाकलं.

हे तो त्याच कोरड्या भाषेत लिहितो, ज्या भाषेत विटांचे थर मोजले होते. मी इथे पुस्तक मिटून ठेवलं होतं.

सिसिलीच्या स्वारीतही तेच. ४१५ मध्ये अथेन्सने १३४ मोठी युद्धनौका आणि ५१०० जड शस्त्रधारी सैनिक सिराक्यूजवर पाठवले. सेनापती निसियास याला ही स्वारीच नको होती. लोक घाबरून बेत सोडतील म्हणून त्याने खर्चाचा आणि सैन्याचा मोठा आकडा सांगितला. झालं उलटंच. एवढं सैन्य जाणार म्हणजे धोका नाहीच, असं समजून लोक आणखी पेटले. पुढे ४१३ मध्ये माघार घ्यायची वेळ आली, त्याच रात्री चंद्रग्रहण लागलं. ज्योतिष्यांच्या सांगण्यावरून निसियास नऊ गुणिले तीन दिवस थांबायचं म्हणाला. तेवढ्यात सगळं हातचं गेलं. अथेन्सचं पानिपत झालं. सात हजारांहून जास्त कैदी दगडाच्या खाणीत कोंडले गेले. थ्युसिडिडीझ त्यांना रोज मिळणाऱ्या पाण्याचं आणि धान्याचं मापसुद्धा लिहितो. पाणी एक कोटिली, म्हणजे जेमतेम पाव लिटर.

३) झेनोफन : आत राहून लिहिणारा

झेनोफन हा मोहिमेत प्रत्यक्ष सामील होता. इ.स.पू. ४०१ मध्ये इराणच्या गादीसाठी धाकट्या सायरसने भावाविरुद्ध बंड केलं आणि दहा हजारांवर ग्रीक भाडोत्री सैनिक बरोबर नेले. बॅबिलोनजवळ सायरस मारला गेला. मग ग्रीकांच्या सेनापतींना बोलणीच्या नावाखाली बोलावून पकडलं आणि मारलं. परक्या मुलखात, नेत्याशिवाय, घर हजारो किलोमीटर लांब. मग सैनिकांनी नवे नेते निवडले, त्यात झेनोफन. आपल्या 'अॅनाबॅसिस' या ग्रंथात तो स्वत:लाही 'झेनोफन म्हणाला' असंच लिहितो.

टायग्रिस नदीपाशी ऱ्होड्सचा एक सैनिक म्हणाला, मला एक टॅलंट आणि दोन हजार कातडी पिशव्या द्या. फुगवून, दगडांचे नांगर लावून, वर माती टाकून पूल करतो, एका वेळी ४००० माणसं नेतो. एक पिशवी दोन माणसांना बुडू देणार नाही, हा त्याचा हिशेब. आर्किमिडीज जन्माला यायला अजून शंभरावर वर्षं होती! (आणि तो होता सिराक्यूजचाच.) सेनापतींना कल्पना हुशारीची वाटली, पण पलीकडच्या काठावर शत्रूचं घोडदळ उभं होतं. डिझाइन बरोबर, साइट चुकीची. बेत रद्द.

आपण यातून काय घ्यायचं?

एक, आकडा दिसला की तो कुठून आला हे विचारायचं. दोन, सांगणारा तिथे होता का, आणि त्याचा त्यात काय संबंध होता, हे बघायचं. तीन, भाषण आणि घटना वेगळी ठेवायची. चौथा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. आपण चार वर्षं 'कसं केलं' हे शिकतो. शिडी किती उंच, दोर किती जाड, पिशवी किती वजन पेलते. आपल्या जर्नलमध्ये एम, अॅपरेटस, प्रोसिजर, रिझल्ट असे रकाने असतात. थ्युसिडिडीझच्या रिझल्टमध्ये शिडीवरून गेलेले २१२ आहेत, तसेच न गेलेलेही आहेत. उद्या आपल्यातलं कुणी धरण बांधेल, कुणी क्षेपणास्त्राचा एखादा पार्ट डिझाइन करेल. तेव्हा रिझल्ट लिहिताना हा दुसरा आकडाही लिहायची सवय असलेली बरी.

लायब्ररीत हे ग्रंथ मागा. थ्युसिडिडीझचं दुसरं आणि तिसरं पुस्तक, म्हणजे प्लाटियाची हकिकत, यांपासून सुरुवात करा. सबमिशनच्या आठवड्यात मात्र नको!