अक्षर फुटलं की आधी मूळ फाइल बघ

पोरी, काल फोनवर तू रडकुंडीला आली होतीस. हिशेबाच्या व्हिडिओतले आकडे टाइमलाइनवर घेताच फुटले म्हणून सॉफ्टवेअरच बदलायला निघालीस. एवढी घाई करू नकोस. इतकी वर्षं एडिटिंग करून जे हाताशी आलं, ते तुला सांगते.

पहिली गोष्ट, मूळ फाइल बघ. व्हीएलसीमध्ये लाव, मूळ आकारात थांबव आणि बारीक अक्षरं वाच. तिथेच फुटलेली असतील तर एडिटिंगमध्ये कितीही शार्पन लाव, आडात नाही ते पोहऱ्यात येणार नाही. सरळ पुन्हा रेकॉर्ड कर. त्यातच कमी वेळ जातो.

मूळ फाइल स्वच्छ असेल तर प्रीव्ह्यू तपास. प्रीमिअरमध्ये चित्राच्या खिडकीखाली ‘फुल’, ‘१/२’, ‘१/४’ असे पर्याय असतात. मशीनवरचा ताण कमी व्हावा म्हणून आपण १/४ ठेवतो. मग १९२०×१०८० चं चित्र ४८०×२७० चं होऊन दिसतं. तो दोष फाइलमध्ये नसतो. ‘फुल’ कर, खिडकीचा झूम १०० टक्क्यांवर आण. तरी शंका राहिली तर दहा सेकंद एक्स्पोर्ट करून बघ.

मग मापं जुळव. तुझा लॅपटॉप १३६६×७६८ चा आणि टाइमलाइन १९२०×१०८० ची. पडदा भरायला चित्र जवळपास १.४ पट ताणावं लागतं आणि नसलेले पिक्सेल सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं. त्यापेक्षा क्लिप १०० टक्क्यांवरच ठेव, मागे साधा रंग दे, मोकळ्या जागेत धड्याचं नाव लिही. उलट रेकॉर्डिंग मोठं असेल, समजा २५६०×१४४०, तर ‘स्केल टू फ्रेम साइज’ घेऊ नकोस. त्यात चित्र आधीच लहान होतं आणि झूम केलं की फुटतं. ‘सेट टू फ्रेम साइज’ घे. स्केल ७५ वर येईल, मूळ पिक्सेल शाबूत राहतील आणि १०० पर्यंत निर्धास्त झूम करता येईल.

आता पुढच्या रेकॉर्डिंगसाठी. ओबीएसमध्ये बेस आणि आउटपुट रिझोल्यूशन सारखंच ठेव. रेकॉर्डिंगची क्वालिटी ‘सेम अ‍ॅज स्ट्रीम’ वर असेल तर बदल. थेट प्रक्षेपणासाठी आखडता ठेवलेला बिटरेट रेकॉर्डिंगला पुरत नाही. सीआरएफ निवडलंस तर १६ ते १८ ठेव. आकडा जितका लहान, तितकं चित्र चांगलं. आकडे मोठे दाखवायचे असतील तर रेकॉर्ड करण्यापूर्वी स्प्रेडशीटच १५० टक्के कर. तिथे अक्षर नव्याने रेखलं जातं. एडिटिंगमध्ये फक्त ताणलं जातं.

निळ्यावर लाल अक्षरं टाळ. नेहमीच्या ४:२:० पद्धतीत उजेडाची नोंद प्रत्येक पिक्सेलची होते, रंगाची मात्र चार पिक्सेलांत मिळून एकच. म्हणून काळ्या-पांढऱ्यात कडा टिकते आणि लाल-निळ्यात पसरते.

आणि फाइल कुणाला पाठवायची तर व्हॉट्सअ‍ॅपवर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठव. व्हिडिओ म्हणून गेली की ती पुन्हा दाबली जाते. आमच्या वेळी व्हीएचएसच्या कॅसेटवरून कॅसेट करताना प्रत्येक प्रतीत चित्र विरत जायचं, म्हणून मास्टर कपाटात ठेवून कामाला प्रत वापरायचो. तूही मूळ रेकॉर्डिंग काम संपेपर्यंत पुसू नकोस.

एवढं सगळं कशासाठी, तर तुझा व्हिडिओ बघणारी एखादी बाई बचतगटाचा हिशेब मोबाइलवर तुझ्याकडून शिकत असेल. पडद्यावर दिसेल तसंच ती सूत्र उतरवून घेणार. स्वल्पविराम तिला टिंबासारखा दिसला तर सूत्र चालायचं नाही, आणि ती समजेल की आपल्यालाच जमत नाही. म्हणून एक्स्पोर्ट झाल्यावर तो व्हिडिओ एकदा छोट्या मोबाइलवर लाव आणि तिच्यासारखं सूत्र कागदावर उतरवून बघ. बरोबर उतरलं की मगच अपलोड कर.

तुझी आत्या