नातवाचे बोरन्हाण

आमचा नातू वर्षाचा झाला. संक्रांतीनंतर त्याचे बोरन्हाण ठरले. रथसप्तमीपर्यंत ते केव्हाही करतात. काळे झबले सूनबाईने शिवले. हलव्याचे दागिने घरीच केले. मंद आचेवर तीळ हलवत पाक थोडा थोडा सोडायचा, तेव्हा कुठे काटा येतो! बोरे बांधावरची, ऊस शेतातला. चुरमुरे तेवढे विकत आणले. कर्ज काढावे लागले नाही.

आळीतली पोरे जमली. बाळाला पाटावर बसवून ओवाळले. सूनबाई बोरे ओतणार, तोच आम्ही थांबवले. बोराची बी, हरभरा, शेंगदाणा एवढ्याशा घशात अडकतो. श्वास कोंडून मूल दगावते. म्हणून बाळावर नुसते चुरमुरे ओतले. तेही तोंडात जाऊ नयेत म्हणून आजी जवळ बसली. बोरे मोठ्या पोरांपुढे उधळली. काय झुंबड उडाली! एकाने तर टोपी भरून नेली.